वाचकांचे प्रश्न : लुईसच्या बॉनफायर सोसायट्या

प्रश्न : इंग्लंडमधल्या लुईस गावात ५ नोव्हेंबरच्या रात्री अनेक बॉनफायर सोसायट्या, म्हणजे मोठा जाळ करून उत्सव साजरा करणारी मंडळं, आपापली मिरवणूक काढतात. गाव एक, निमित्त एक, मग सोसायट्या इतक्या कशाला?

उत्तर : कारण हा उत्सव कुणी वरून आखून दिलेला नाही. १६०५ साली याच तारखेला पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, कटातला गाय फॉक्स स्फोटाच्या दारूच्या ३६ पिंपांसह सापडला. हा दिवस पाळण्याचा कायदाच झाला, तो १८५९ पर्यंत टिकला. लुईसमधली पोरं मात्र डांबराची पिंपं पेटवून रस्त्यांतून गडगडत नेत. १८४७ मध्ये लंडनहून पोलीस आणले, तरी दंगा झालाच. पुढे १८५३ मध्ये क्लिफ आणि बरो या सोसायट्या उभ्या राहिल्या, १८५५ मध्ये कमर्शियल स्क्वेअर. हुल्लडीला शिस्त लागली, पण कुणी आपला हेका सोडला नाही. प्रत्येकीची मिरवणूक वेगळी, जाळाचं मैदान वेगळं, आडव्या पट्ट्यांच्या जर्सीचे रंगही वेगळे : क्लिफची काळी-पांढरी, बरोची निळी-पांढरी.

मिरवणुकीतले १७ जळते क्रूस मात्र फॉक्सचे नव्हेत. पोपला मानणाऱ्या कॅथलिक मेरी राणीच्या काळात, १५५५ ते १५५७ दरम्यान, इथे जिवंत जाळलेल्या १७ प्रोटेस्टंटांसाठी ते असतात. हा धागा सुटला की क्लिफचा पोपविरोधी फलक नुसता आगाऊपणा वाटतो.

प्रश्न : मशाली कशा करतात?

उत्तर : सोसायटीचे लोक कित्येक महिने आधीपासून हेच करत बसतात. काठीच्या टोकाला गोणपाटाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, वरून तार आवळायची, मग रॉकेलात मुरवायचं. गोची तारेपाशी होते. दोरी वापरली तर ती आधी जळते आणि पेटता गोळा मागच्याच्या पायांवर पडतो. गुंडाळी सैल असली तरी तेच. भिजवलेली मशाल पुरती निथळू दिली नाही, तर तेल काठीवरून हातापर्यंत उतरतं आणि मागोमाग जाळ येतो. धरायची सरळ, वारा जिकडे जातो तिकडे किंचित झुकवून. अंगात सुती किंवा लोकरी कपडे हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

प्रश्न : ५ तारखेला रविवार आला तर?

उत्तर : आदल्या दिवशी, शनिवारी ४ तारखेला. रस्ते दुपारनंतर बंद होतात आणि अलीकडे त्या संध्याकाळी लुईसला रेल्वेगाड्याही थांबत नाहीत, तेव्हा मुक्कामाची सोय गावातच हवी.