चित्रकलेचा तास घ्यायला लागताना

पहिल्या आठवड्यात रंगांपेक्षा आवराआवरीची घडी बसव. ब्रश धुणं, पाणी ओतणं, टेबलं पुसणं यात तासाची शेवटची दहा मिनिटं जातातच, ती आधीच बाजूला काढून ठेव. ब्रश पाण्यात केसांवर उभे राहू देऊ नकोस, टोकं वाकली की ब्रश कामातून गेला.

मुलांच्या चित्रात मात्र हात घालू नकोस, हे अगदी कळकळीने सांगतोय. 7 ते 9 वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ मारतं, वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी काढतं आणि मधली जागा कोरी सोडतं. घराच्या भिंतीतून आतली माणसंसुद्धा दिसतात. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्येच हा वाढीचा एक टप्पा म्हणून मांडला होता. ही चूक नाहीच, तेव्हा खोडरबर पुढे करू नकोस. ‘हे काय काढलंस?’ विचारण्याऐवजी ‘मला याबद्दल सांग ना’ म्हण, मूल भरभरून बोलतं. नवव्या-दहाव्या वर्षी ‘मला येतच नाही’ सुरू होतं. तिथे नुसती शाबासकी पुरत नाही, बघायला शिकवावं लागतं. समोर एक बूट ठेव, नाडी कुठून कुठे जाते ते बोटाने हवेत गिरवायला लाव, मग पेन्सिल दे.

रंग म्हणशील तर लाल, पिवळा, निळा आणि पांढरा सुरुवातीला पुरे. बाकीचे मुलं स्वतः बनवतील.

आणि स्वतःचं चित्र काढणं सोडू नकोस. शाळेच्या धबडग्यात तेच आधी मागे पडतं. छोटी वही जवळ ठेव आणि मुलांनाही दाखव, बिघडलेल्या पानांसकट.