आधी रेस्टॉरंटची काळजी, मग तिची

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात एका उत्तरात मी 'वँडरपंप रूल्स' या अमेरिकन रिअ‍ॅलिटी शोचा नुसता उल्लेख केला होता, टॉम सँडोव्हलने मागितली तसली माफी कुणी मागितली तर लगेच विरघळू नका एवढंच एक वाक्य, आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. म्हणून यावेळचं पूर्ण पान त्यालाच देते.

प्रश्न: ताई, माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी सारखं 'स्कँडोवल स्कँडोवल' करत असतात. मी त्यांच्यासोबत बसून दोन एपिसोड पाहिले पण कोण कुणाचं कोण तेच कळेना. जरा पहिल्यापासून सांगाल का?
– एक आई, ठाणे

उत्तर: सांगते ना. 'स्कँडोवल' म्हणजे स्कँडल आणि सँडोव्हल मिळून केलेला शब्द, टॉम सँडोव्हलच्या लफड्याला लोकांनी दिलेलं नाव. लॉस एंजेलिसजवळ वेस्ट हॉलीवूडमध्ये लिसा वँडरपंप या बाईंचं 'सर' नावाचं रेस्टॉरंट, तिथे काम करणाऱ्या वेटर-बारटेंडर मंडळींवर ब्राव्हो चॅनलने जानेवारी २०१३ मध्ये हा शो सुरू केला. कुणाला अ‍ॅक्टर व्हायचंय, कुणाला गायक, आणि सगळे एकमेकांच्या प्रेमात पडणार, भांडणार, आणि परत एकाच टेबलावर बसून दारू पिणार. टॉम सँडोव्हल त्यातला बारटेंडर. सुरुवातीला तो क्रिस्टनसोबत होता, मग एरियाना मॅडिक्ससोबत, आणि हे दुसरं नातं जवळजवळ नऊ वर्षं टिकलं, २०१९ मध्ये दोघांनी मिळून घरसुद्धा घेतलं. रॅकेल लेव्हिस ही त्याच ग्रुपमधली, तिचा जेम्स केनेडीशी झालेला साखरपुडा २०२१ च्या डिसेंबरमध्ये मोडला, आणि त्या दिवसांत तिला धीर देणाऱ्यांत एरियाना होती. ती त्यांच्या घरी यायची, राहायची.

१ मार्च २०२३ च्या रात्री टॉमचा बँड 'टॉमटॉम' नावाच्या बारमध्ये वाजवत होता, त्याचा फोन खिशातून पडला आणि तो एरियानाच्या हातात आला. त्यात रॅकेलसोबतच्या व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग निघालं. तेव्हा रॅकेल न्यूयॉर्कला अँडी कोहेनच्या टॉक शोमध्ये बसलेली होती. टॉम आणि रॅकेलचं हे लफडं साधारण सात महिने चालू होतं. ३ मार्चला बातमी फुटली, आणि दहाव्या सीझनचं शूटिंग कधीच संपलेलं असूनही काही दिवसांत कॅमेरे परत लावले गेले. म्हणजे प्रेक्षक टीव्हीवर जे जुने एपिसोड बघत होते त्यात ते दोघे एकमेकांकडे कसे बघतायत, कोण कुणाशेजारी बसलंय, हे आता सगळं माहीत असताना बघायचं. तुमच्या मुलीला याचंच वेड लागलं असणार, आणि खरं सांगते मलाही लागलं होतं, मी काही सीन तीन-तीनदा बघितलेत.

प्रश्न: मला एक कळत नाही. त्याने जाहीर माफी मागितली ना? एकदा नाही, दोनदा. आपल्याकडे एवढं पण कुणी करत नाही. मग लोक एवढे का खवळले?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला म्हणून जरा लांबीने लिहिते.

पहिली माफी ४ मार्चची. इन्स्टाग्रामवर. त्यात त्याने लिहिलं की तुमचा राग मला समजतो, पण माझा मित्र श्वार्ट्झला, बाकी मित्रांना, घरच्यांना यात ओढू नका, आमच्या रेस्टॉरंटमध्ये इतर पार्टनर आहेत, कामगार आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे. ते रेस्टॉरंट म्हणजे 'श्वार्ट्झ अँड सँडीज', त्याने आणि टॉम श्वार्ट्झने काही महिन्यांपूर्वीच उघडलेलं, आणि लोक रागाच्या भरात त्यावर वाईट रिव्ह्यू टाकत होते. कामगारांबद्दल तो जे बोलला ते खोटं नव्हतं हो, वेट्रेसचा काय दोष यात. पण त्या अख्ख्या पोस्टमध्ये एरियानाचं नाव नाही! जिच्यासोबत नऊ वर्षं काढली, जिच्या घरात राहून, जिच्याच मैत्रिणीसोबत हे केलं, तिचं नावसुद्धा नाही. लोक भडकल्यावर ७ मार्चला दुसरी पोस्ट आली, त्यात दुखावलेल्या सगळ्यांची, आणि सगळ्यात जास्त एरियानाची माफी. तोपर्यंत काय उपयोग, सगळ्यांना दिसलं होतं की पहिल्यांदा हात जोडले ते धंद्यासाठी. घरात आग लागल्यावर माणूस पहिल्यांदा काय उचलून बाहेर आणतो त्यावरून त्याचा जीव कशात आहे ते कळतं ना, तसंच हे.

आणि पुढचं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅगझिनला मुलाखत देताना त्याने आपल्यावर झालेल्या गदारोळाची तुलना ओ. जे. सिम्पसन (खुनाच्या खटल्यात गाजलेला फुटबॉलपटू) आणि जॉर्ज फ्लॉइडच्या वेळच्या गदारोळाशी केली. फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला, आणि हा स्वतःच्या लफड्याची गोष्ट त्याच्या शेजारी ठेवतोय. मग त्याचीही माफी मागावी लागली. मग जुलै २०२४ मध्ये त्याच्याकडून एरियानावरच केस दाखल झाली की हिने माझा फोन परवानगीशिवाय बघितला, त्यावर परत आरडाओरडा झाला, तर काही दिवसांत केस मागे घेतली आणि वकिलाला काढून टाकलं. प्रत्येक वेळी तेच, आधी करायचं, लोक ओरडले की सारवासारव. मला तर यात तिच्या दुःखाकडे वळून बघितलेला एक क्षण सापडत नाही, मी शोधला, मनापासून शोधला. शेवटी ते रेस्टॉरंटही २०२४ च्या अखेरीस बंद झालं.

प्रश्न: ताई, मी इकडे न्यू जर्सीत पीकॉक या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर सगळे सीझन पहिल्यापासून बघितलेत म्हणून विचारते. एरियाना काय धुतल्या तांदळाची आहे का? टॉम क्रिस्टनसोबत असताना लास वेगासला स्विमिंग पूलमध्ये हिनेच त्याला किस केलं होतं की! जे पेरलं ते उगवलं असं माझ्या सासूबाई म्हणतात.
– न्यू जर्सी

उत्तर: सासूबाईंची नजर तेज आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. हो, ते किस झालं होतं, आणि आधी दोघांनी कानावर हात ठेवले, नंतर कबूल केलं. ते चूकच होतं. आणि एवढंच कशाला, क्रिस्टननेही टॉमच्या जिवलग मित्रासोबत, जॅक्स टेलरसोबत, टॉमच्या पाठीमागे तेच केलं होतं, दुसऱ्या सीझनच्या शेवटी ते बाहेर आलं. मग तिसऱ्या सीझनमध्ये क्रिस्टन मायामीहून एका मुलीला थेट रेस्टॉरंटमध्ये घेऊन आली की टॉमचं हिच्याशी होतं म्हणून, टॉमने नाही म्हटलं आणि एरियानाने त्याच्यावर विश्वास ठेवला. त्या ग्रुपमध्ये कुणाचाच सदरा स्वच्छ नव्हता, मला मान्य आहे.

पण 'पेरलं ते उगवलं' हे मला नाही पटत, आणि मला या म्हणीचा रागच येतो अशा वेळी, कारण ती नेहमी रडणाऱ्या बाईलाच ऐकवली जाते, पुरुषाला नाही. दहा वर्षांपूर्वीचं एक किस आणि सात महिने रोज एकाच टेबलावर बसून मैत्रिणीच्या डोळ्यात बघून खोटं बोलणं, हे एका तराजूत कसं घालणार? आणि त्या काळात एरियानाची आजी गेली, ती त्या दुःखात होती, हेही विसरू नका.

प्रश्न: सगळं खापर रॅकेलवरच फोडलं गेलं असं नाही वाटत तुम्हाला? लग्नासारखं नातं त्याचं होतं, तिचं नाही.
– कॉलेज विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: वाटतं गं. म्हणजे तिने केलं ते मैत्रिणीचा केसाने गळा कापणंच होतं, त्यात मी काही कमी करणार नाही. रीयुनियनच्या वेळी, म्हणजे सीझन संपल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करतात त्या एपिसोडच्या वेळी, ग्रुपमधल्याच शीनाने मारल्याच्या रॅकेलच्या आरोपावरून कोर्टाचा तात्पुरता आदेश होता, त्यामुळे दोघींना १०० यार्ड लांब ठेवायला लागलं, एक सेटवर तर दुसरी बाहेर ट्रेलरमध्ये. सेटवर टॉम आणि रॅकेलने जे सांगितलं ते पुरतं खरं नव्हतं, हे रॅकेलने नंतर एकटीच्या मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर कबूल केलं, तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी ते दाखवलं, जून २०२३ मध्ये. म्हणजे तिने उशिरा का होईना, स्वतःचं नुकसान होईल असं खरं सांगितलं. टॉमने असं काही केल्याचं मला आठवत नाही.

मग ती मानसिक उपचारांसाठी भरती झाली, आपलं खरं नाव रेचेल परत घेतलं, शो सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये बेथनी फ्रँकेलच्या पॉडकास्टवर ती म्हणाली की या सगळ्या गाजावाजातून मला एक पैसा मिळाला नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने टॉम आणि एरियाना दोघांवर केस केली, की तिचा खासगी व्हिडिओ तिला न विचारता रेकॉर्ड केला गेला आणि पुढे गेला. हे तिचे आरोप आहेत, आणि एरियानाने तो व्हिडिओ कुणालाही पसरवल्याचं नाकारलं आहे. पण तू तुझ्या मैत्रिणींना एवढं मात्र सांग, मुलगी चुकीची वागली म्हणून तिचा खासगी व्हिडिओ कुणाच्या बापाचा होत नाही.

प्रश्न: हे सगळं स्क्रिप्टेड असतं. बिग बॉस मराठीतही जोड्या जमतात, बाहेर आल्यावर मोडतात. एवढं मनाला काय लावून घ्यायचं?
– पुणे

उत्तर: बिग बॉसच्या घरात अनोळखी लोक काही आठवडे कोंडलेले असतात, तिथलं प्रेम आणि हे वेगळं. वँडरपंपची माणसं दहा वर्षं एकमेकांच्या लग्नाला, मयताला गेलेली. शोवाले आग लावतात, प्रश्न सुचवतात, एडिटिंगमध्ये फिरवतात, सगळं खरं. पण इथे हे कॅमेऱ्याच्या नजरेआड घडत होतं, शूटिंग संपल्यावरही चालू राहिलं, कॅमेरा नंतर धावत आला. त्या सीझनला दोन एमी नॉमिनेशन मिळाली, त्यातलं एक एडिटिंगचं. चॅनलचं भलं झालं, हे मला टोचतंच. पण त्यामुळे तिचं रडणं खोटं ठरत नाही.

प्रश्न: ताई, मी २७ वर्षांची. डिसेंबरमध्ये लग्न आहे, हॉल बुक झालाय. गेल्या महिन्यात कळलं की होणारा नवरा ऑफिसमधल्या एकीसोबत पाच महिने होता. त्याने आमच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भलामोठा माफीचा मेसेज टाकला, सगळ्यांनी हार्ट दिले, आता सगळे मला म्हणतात मोठ्या मनाची हो. माझ्याशी एकटा बसून तो अजून बोललेला नाही. उलट म्हणतो, तू माझा फोन बघायलाच नको होतास. मी काय करू?
– सांगली

उत्तर: बाळा, तुझं पत्र मी रात्री वाचलं आणि झोप नाही लागली मला.

तो मेसेज तुझ्यासाठी नव्हताच. तो ग्रुपसाठी होता, ग्रुपमध्ये आपली जागा राहावी म्हणून. आणि फोनचं जे तो बोलतोय ना, ते वर कोल्हापूरच्या दादांना लिहिलेलं उत्तर वाच, तोच डाव आहे, दोष ज्याने पाहिलं त्याचा.

तुझ्यावर मित्रांचा जो दबाव आहे तोच एरियानावर होता. अकराव्या सीझनच्या शेवटी, मे २०२४ मध्ये तो एपिसोड दाखवला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या पार्टीत टॉम तिच्याशी बोलायला आला, कॅमेरे सुरू, सगळे बघतायत, आणि ती सरळ निघून गेली. ग्रुपमधल्या काहींना राग आला, की आम्ही सगळे शोसाठी स्वतःला उघडं करतो आणि हिला मात्र सवलत. ती तरी परत आली नाही. त्याआधीच जानेवारीत तिने ते दोघांचं घर विकायला लावण्यासाठी कोर्टात अर्ज केला होता. आणि त्याच महिन्यात ती ब्रॉडवेवर 'शिकागो'मध्ये मुख्य भूमिका करत होती, मग शोमधल्याच केटी मलोनीसोबत सँडविचचं दुकान उघडलं, मग 'लव्ह आयलंड'च्या अमेरिकन शोची सूत्रसंचालक झाली. हे मी तुला यासाठी नाही सांगत की तुझंही असंच होईल, तिच्याकडे पैसा आणि प्रसिद्धी होती, तुझ्याकडे हॉलची पावती आणि घाबरलेले आईबाबा आहेत.

ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस, कुणी फोन केला तर म्हण मी बोलेन तेव्हा बोलेन. त्याला एकट्याला भेट, दिवसा, मोकळ्या जागी, आणि फक्त एक विचार, या पाच महिन्यांत मला काय काय खोटं सांगितलंस ते तारखेनिशी सांग. तो 'सॉरी'ने सुरुवात करतो की 'पण तू'ने, ते ऐक. 'पण तू' आलं तर चहा अर्धा सोडून उठ. आईला आजच सांग, डिसेंबर जवळ यायची वाट बघू नकोस, आणि हॉलवाल्याकडे तारीख रद्द करायची मुदत कधीपर्यंत आहे ते बाबांना विचारायला लाव. मला पुढच्या आठवड्यात परत लिही, नाव नको टाकूस, नुसतं सांगली लिही, मी ओळखेन.