पट्टा ओरडतो, बदलू का?

प्रश्न : सकाळी गाडी सुरू करताना, एसी लावला की जास्तच, इंजिनचा पट्टा किंचाळतो. लगेच बदलावा का?

उत्तर : आधी परीक्षा घ्या. इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे लांब ठेवत, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर एखादी पुली रेषेत नाही. आवाज वाढला, तर ताण कमी आहे. तिथे बहुधा पट्टा ताणून धरणारा टेन्शनर थकलेला असतो, नुसता नवा पट्टा टाकून भागणार नाही. हल्लीच्या पट्ट्यांच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला भेगा क्वचितच पडतात, ते खाचांत झिजतं. त्यामुळे ‘दिसायला चांगला आहे’ यावर विसंबू नका. कूलंट किंवा ऑइल गळून पट्टा भिजला असेल, तर आधी गळती थांबवा. आवाज बंद करायला पट्ट्यावर मारायचा तयार स्प्रे मात्र नकोच, त्यावर धूळ चिकटते.

पट्टा काढण्यापूर्वी इंजिन बंद, थंड. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो, त्याचा फोटो घ्या. पट्टा उतरल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवा : खरखर किंवा डगमग जाणवली, तर बेअरिंग गेलं.