हातातून लाटणं निसटायची वाट बघू नका

ताई, रोज 300 पोळ्या लाटता, पहाटे हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात ‘वात असेल, बाम चोळ’. हे वाचून राहवलं नाही. मी 18 वर्षं डबे केले. माझंही असंच सुरू झालं होतं.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात ते आज रात्रीच बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, पण करंगळी ठीक, असं असेल तर बहुधा मनगटात नस दाबली जातेय. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ही एक नस जाते. कणीक तिंबून, लाटून त्या दोऱ्यांभोवती सूज आली की दाब नसेवर येतो. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून त्रास रात्री. करंगळीलाही मुंग्या असतील तर मूळ कोपरात किंवा मानेतही असू शकतं.

कढई उचलताना, फडकं पिळताना अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ येते, ते दुखणं वेगळं. त्यात सहसा मुंग्या नसतात.

किती दुखतं यापेक्षा कधी दुखतं ते लिहून ठेवा. आधी फक्त कामात दुखतं आणि रात्रीत शमतं. मग सकाळीही तसंच राहतं. पुढे हात मांडीवर ठेवून बसलं तरी ठणकतो. पहिल्या पायरीवर काम थोडं बदललं तरी पुष्कळदा भागतं. मी मात्र दोन वर्षं बाम चोळत बसले. वाटी निसटायची, ब्लाउजचे हूक लागेनात, अंगठ्याखालचा उंचवटा बसत गेला. ऑपरेशननंतर मुंग्या गेल्या, पकड मात्र पूर्वीची आली नाही.

तेव्हा बोटं दिवसाही बधिर राहत असतील किंवा वस्तू निसटत असतील तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. रोज किती पोळ्या लाटता तेही सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही. साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, त्यांच्यामुळेही हे होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा डॉक्टरांना विचारून बांधा. आणि मालकीणबाईंकडे कणीक मळायचं मशीन मागाच. ओटा कोपराच्या वर येत असेल तर पायाखाली भक्कम पाट घ्या.

करंगळीचं काय ते उद्या इथेच कळवा.