बाळाची लस चुकली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर काय करतात? कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागतो का?

नाही, पहिल्यापासून नाही. राहिलेल्या डोसपासून पुढे चालू करतात. १० आठवड्यांचा पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) हुकला असेल तर तो आता देतील आणि पुढचा किमान ४ आठवड्यांनी. मात्र बीसीजी (क्षयरोगावरची लस) वर्षाच्या आतच, आणि रोटाचा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरच्या लसीचा) पहिला डोसही वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. त्यामुळे टाळाटाळ नको.

सुई बहुतेक वेळा एएनएम ताईच (केंद्रातल्या परिचारिका) टोचतात. पण २ ते ८ अंशांची शीतसाखळी (लस टोचेपर्यंत थंड ठेवण्याची सोय) नीट आहे ना, लस दिल्यावर रिॲक्शन आली तर काय करायचं, ही जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. वजन-उंची मोजून कार्डावरच्या आलेखात टिंब मांडणंही तपासणीचाच भाग, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. तुम्हीच कार्ड पुढे करून विचारा, ‘रेघ वर जातेय ना?’

साधी सर्दी किंवा बारीक ताप असेल तरी लस देता येते. आमच्याकडे आजीच बाळाला परत घेऊन जायची! टोचल्यावर अर्धा तास मात्र तिथेच थांबा.