रोज रात्री नऊला एकच प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. पिशवीतून वही काढून समोर ठेवली. मुलाने अर्ज केलेल्या जर्मन कंपन्यांची नावं, तो फोनवर सांगेल तशी मराठीत उतरवलेली. १४२ वर नोंदी थांबल्या होत्या, कारण त्याने फोन घेणंच सोडलं होतं. "सर, परत बोलवून घेऊ का त्याला?"

परदेशात शिकलेल्या मुलांचे आईबाप सोलापुरात हल्ली हा प्रश्न बरेचदा घेऊन येतात. नितीनने (नाव बदललंय) तिकडे मेकॅनिकलचं मास्टर्स केलं. जर्मनीत शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. त्यातले पाच गेले होते. कर्जाचे हप्ते सुरू व्हायला आलेले. वडील टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, रोज रात्री नऊला फोन लावून विचारायचे, "लागली का?"

नितीनशी मी व्हिडिओवर बोललो. पहिल्या दोन बैठका वायाच घालवल्या, त्याच्या सीव्हीवर बोलत बसलो. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "या पाच महिन्यांत किती माणसांशी जर्मनमध्ये बोललास?" बराच वेळ तो खिडकीकडेच बघत राहिला. एकाशीही नाही. रात्री गोदामात काम, तिथे सगळे इंग्रजी बोलणारे, दिवसा अर्ज. सरकारी रोजगार कार्यालयात सल्ला फुकट मिळतो, तिथेही गेला नव्हता. मास्टर्स इंग्रजीतून झालेलं आणि जर्मन ए-टूवर, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीवर, अडकलेली. यंत्रं बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या तिकडे लहान गावांत आहेत, आणि तिथल्या शॉपफ्लोअरवर जर्मनच चालते. अर्ज पाठवत राहिलं की तोंड उघडावं लागत नाही, हे त्याला स्वतःला कळत होतं.

"भाषा जमत नाही मला," म्हणाला.

"तू कुठला रे?"

"अशोक चौक."

सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू वस्तीतलं पोर! घरी मराठी, पण गल्लीत गोट्या खेळता खेळता तेलुगू शिकलेलं. तिची कुठली परीक्षा दिली होतीस, असं विचारल्यावर महिन्यांनी पहिल्यांदा हसला. तेलुगूत चुकलं की पोरं खिदळायची, आणि पुढचा डाव सुरू व्हायचा.

या परवान्यावर कुठलंही काम करता येतं, तासांचं बंधन नाही. त्याने गोदाम सोडून बेकरीचा काउंटर धरला. पगार थोडा कमी, पण दिवसभर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी जर्मन. संध्याकाळी बी-वनचा, म्हणजे पुढच्या पातळीचा क्लास. अर्ज आठवड्याला पाचच, आणि प्रत्येक अर्जामागे कंपनीत एक फोन.

वडिलांना समजावणं जास्त अवघड गेलं. "मास्टर्स करून पाव विकायचा?" हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मी एवढंच मागितलं, की फोन फक्त रविवारी करा आणि नोकरीचं विचारू नका. ते उठून गेले. पण पाळलं.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत पहिली मुलाखत जर्मनमधून झाली. नाही घेतलं. दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या फेरीला बोलावलंय, परवान्याचे सात महिने हातात आहेत. आईच्या वहीत आता कंपन्यांखाली पावांची नावं आलीत. गेल्या रविवारी वडील फोनवर विचारत होते, "आज कुठला पाव आधी संपला रे?"