स्पॅनिश आडनावांच्या शेवटी ‘-एझ’ का असतं, आणि आपल्याकडच्या लोपीस-फर्नांडिसशी त्यांचं नातं काय?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. लोपेझ, सांचेझ, रॉड्रिगेझ यांना एकच शेपटी का? स्पॅनिश माणसाला दोन-दोन आडनावं का? आणि वसई-गोव्यातले लोपीस, फर्नांडिस त्यांचे भाऊबंद का? तिसऱ्याचं उत्तर आधीच सांगून टाकतो: शब्दापुरतं हो, रक्तापुरतं बहुधा नाही. असं का, ते पहिल्या दोन उत्तरांतूनच कळेल.

‘-एझ’ म्हणजे ‘अमक्याचं अपत्य’. रोड्रिगोचा रॉड्रिगेझ, फर्नांडोचा फर्नांडेझ, सांचोचा सांचेझ, मार्टिनचा मार्टिनेझ, गोन्झालोचा गोन्झालेझ, आल्वारोचा आल्वारेझ. काही नावं झिजून गेल्यामुळे चटकन ओळखू येत नाहीत. पेरेझ हा पेद्रोचा (जुन्या बोलीत पेरोचा), डियाझ दिएगोचा, तर रुईझ हा रुईचा; रुई म्हणजे रोड्रिगोचंच लाडकं, आखूड रूप. म्हणजे रुईझ आणि रॉड्रिगेझ मुळात एकच. इबान्येझ हा हुआनचा, म्हणजे आपल्याकडच्या जॉनचा, हे तर सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. शेपटी दर वेळी ‘-एझ’च असेल असंही नाही. मुन्योझ (मुनिओचा) आणि ओर्तिझ (ओर्तुनचा) त्याच माळेतले. ही शेपटी आली कुठून, लॅटिनच्या षष्ठीतून की त्याआधीच्या एखाद्या स्थानिक भाषेतून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

ही पद्धत समजायला मराठी माणसाला अडचण यायला नको, कारण आपलं मधलं नाव हेच काम करतं. मध्ययुगात स्पेनमधलं ‘-एझ’ दर पिढीला बदलत असे. एल सिद म्हणून गाजलेला कास्तीलचा सरदार (मृत्यू 1099, वालेन्सिया) घ्या. त्याचं नाव रोड्रिगो डियाझ, कारण वडील दिएगो. वडिलांचं नाव दिएगो लाइनेझ, कारण आजोबा लाइन. आणि एल सिदच्या मुलाचं नाव दिएगो रॉड्रिगेझ. तीन पिढ्या, तीन ‘आडनावं’, घराणं एकच. साधारण 13व्या ते 15व्या शतकादरम्यान हा बदल हळूहळू थांबला आणि त्या वेळी जे नाव होतं ते गोठून वंशाला चिकटलं. दामोदररावांच्या मुलाचं मधलं नाव पुढच्या वीस पिढ्यांना आडनाव म्हणून चिकटलं, अशी कल्पना करा.

आता यातून काय निघतं ते बघा. पेद्रो गावोगाव होते. प्रत्येक गावातल्या पेद्रोच्या पोरांचं पेरेझ स्वतंत्रपणे गोठलं. त्यामुळे दोन पेरेझ एकमेकांचे नातेवाईक असण्याचं काहीच कारण नाही. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या यादीत पहिल्या दहांत आहेत ती सगळी आडनावं माणसांच्या नावांवरूनच आलेली आहेत. अव्वल क्रमांक गार्सियाचा. पहिलं आडनाव गार्सिया असलेले सुमारे 14 लाख लोक एकट्या स्पेनमध्ये आहेत. त्याला ‘-एझ’ नाही, पण तेही मुळात माणसाचं नाव. उत्तर स्पेनमधल्या नवाराच्या जुन्या राजांमध्ये गार्सिया नावाचे कितीतरी सापडतात. त्याचं मूळ बहुतेक बास्क, म्हणजे त्याच भागातल्या एका वेगळ्या भाषेतलं. कुणी ‘अस्वल’ म्हणतं, कुणी ‘तरुण’. छातीठोकपणे एकच अर्थ सांगणाऱ्या संकेतस्थळावर विश्वास ठेवू नका.

‘-एझ’ खरवडल्यावर खाली जे नाव उरतं तेही एका जातकुळीचं नसतं. रोड्रिगो, फर्नांडो, गोन्झालो ही स्पेनवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ या जर्मेनिक लोकांबरोबर आलेली नावं. त्यांचं राज्य 711 मध्ये अरबी स्वारीत कोसळलं, नावं मात्र टिकली. लोपे हे लॅटिन ‘लुपुस’वरून, म्हणजे लांडगा. मार्टिन रोमन युद्धदेव मार्सवरून. तेव्हा ‘आडनाव अमुक म्हणजे वंश तमुक’ हा हिशोब पहिल्याच पायरीवर फसतो.

फसवी आडनावंही आहेत. कोर्तेस हा कुणा ‘कोर्त’चा मुलगा नव्हे, त्याचा अर्थ सभ्य, दरबारी रीतीचा. चावेझ बहुधा पोर्तुगालमधल्या शाव्हिस या गावावरून आलं. बेनितेझमधलं ‘बेन’ पाहून लोक अरबी किंवा यहुदी मूळ शोधत बसतात, पण तो साधा बेनितोचा मुलगा. खरं ‘बेन’ व्हेनेगासमध्ये लपलेलं आहे: बेन एगास, एगासचा मुलगा, अरबी शब्द आणि त्याला जोडलेलं गॉथिक नाव!

बाकीच्या आडनावांचा अर्थ लावणं हा खरं तर मजेचा भाग, कारण जवळजवळ प्रत्येकाला आपल्याकडे जोडीदार सापडतो. रुबियो म्हणजे गोरे (नेमकं सांगायचं तर सोनेरी केसांचे), मोरेनो म्हणजे काळे-सावळे, काल्वो म्हणजे टकले, इझ्कियेर्दो म्हणजे डावखरे, बेर्मेहो म्हणजे तांबडे, देल्गादो म्हणजे सडपातळ. एर्रेरो लोहार, सास्त्रे शिंपी, सापातेरो पादत्राणं करणारा. ईशान्य स्पेनमधल्या काताल्युन्यात तोच लोहार ‘फेरेर’ होतो आणि सुतार ‘फुस्तेर’. आपलं ‘-कर’ तिकडे पुढे लागतं: ‘दे तोलेदो’ म्हणजे तोलेदोकर. तोच अर्थ तोलेदानो या एका शब्दातही येतो. या ‘दे’ला अनेक जण खानदानीपणाचा शिक्का समजतात. तसं काही नाही. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या मजुरालाही लोक ‘अमक्या गावचा’ म्हणूनच ओळखत. शिवाय तोलेदो आडनावाचा पूर्वज तोलेदोत राहिला नसून तिथून निघाला, हे जास्त शक्य आहे. सगळेच तोलेदोकर असलेल्या गावात तोलेदोकर म्हणून कुणाला ओळखणार? नाशिककर नाशिकमध्ये कमी आणि बाहेर जास्त भेटतात, तसंच.

निसर्ग आणि बांधकामांवरून आलेली आडनावं अगणित: फुएन्तेस (झरे), तोरेस (मनोरे), वेगा (नदीकाठची सुपीक जमीन), इग्लेसियास (चर्च), सोतो (झाडी). अरबी शब्द बहुतेक गावांच्या नावांतून आडनावांत शिरले. मेदिना म्हणजे शहर, आल्कांतारा म्हणजे पूल, आल्काला म्हणजे गढी.

बास्क आडनावांवर थोडं थांबतो, कारण तिथला एक धागा थेट गोव्याला येतो. बास्क प्रदेशात माणसाची ओळख बापापेक्षा घरावरून, वाड्यावरून होई. म्हणून आडनाव म्हणजे घराचा पत्ताच. मेंदोसा म्हणजे थंड डोंगर, इबार्रा म्हणजे दरी, एलिझोंदो म्हणजे चर्चशेजारचं, बोलिव्हार म्हणजे गिरणीची दरी. एचेवेरिया म्हणजे नवं घर, आपल्या भाषेत नवघरे. याच ‘नव्या घरा’चं झिजलेलं रूप म्हणजे नवारातल्या एका किल्ल्याचं आणि गावाचं नाव: हाविएर, जुन्या लेखनात झाविएर. 1506 मध्ये त्या किल्ल्यात जन्मलेले फ्रान्सिस्को म्हणजेच जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर. वडिलांचं आडनाव दे हासो, आईचं आस्पिल्कुएता. झेवियर हा आईच्या माहेरच्या किल्ल्याचा पत्ता. मुंबईतल्या झेवियर्स कॉलेजच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘नवं घर’ आहे, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल कोण जाणे. आणखी एक गंमत: ओचोआ म्हणजे बास्कमध्ये लांडगा. लोपेझ, ओचोआ, गोव्यातले लोबो आणि आपले लांडगे, चौघांच्या नावात एकच जनावर.

एक्स्पोसितो हे आडनाव दिसलं तर तो दारात किंवा चर्चपाशी सोडून दिलेल्या बाळाचा शिक्का होता. ते बदलायची मुभा 1921 पासून मिळाली. कातालान देउलोफेउ, म्हणजे ‘देवाने घडवलेला’, हेही त्याच दुःखाचं जरा मायाळू रूप.

आता दोन आडनावं. पहिलं वडिलांचं पहिलं, दुसरं आईचं पहिलं. वडील गार्सिया लोपेझ आणि आई मार्टिनेझ रुईझ असतील, तर सगळी भावंडं गार्सिया मार्टिनेझ. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, त्यामुळे आई, बाप आणि मुलं यांची आडनावांची जोडी वेगवेगळी दिसते. स्पेनमध्ये 1999 च्या कायद्याने आईचं आडनाव आधी लावायची सोय झाली, मात्र पहिल्या अपत्याचा क्रम पुढच्या भावंडांनाही लागू. 2017 पासून वडिलांचं आपोआप आधी हा नियमही गेला. क्रम आई-वडिलांनी ठरवायचा.

मराठीत सर्रास होणारी चूक म्हणजे शेवटचा शब्द आडनाव धरणं. गाब्रिएल गार्सिया मार्केझ हे ‘मार्केझ’ नव्हेत. गार्सिया वडिलांचं, मार्केझ आईचं. म्हणायचं तर ‘गार्सिया मार्केझ’, आणि ग्रंथालयाच्या सूचीत ‘ग’खाली. पाब्लो रुईझ पिकासो आणि फेदेरिको गार्सिया लोर्का आईच्या आडनावाने ओळखले जातात, कारण रुईझ आणि गार्सिया गल्लोगल्ली सापडतात. तरीही लोर्काचं पुस्तक सूचीत ‘ग’मध्येच सापडेल. सांतियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाच्या बाबतीत तर ‘रामोन’ला लोक दुसरं नाव समजतात, ते त्यांच्या वडिलांचं आडनाव आहे, आणि ‘इ’ म्हणजे ‘आणि’. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांचं पूर्ण नाव पेद्रो सांचेझ पेरेझ-कास्तेहोन. इथे पेरेझ-कास्तेहोन हे आईचं एकच जोड आडनाव. ‘ओर्तिझ दे साराते’ हेही तसंच एक आडनाव, दोन नव्हेत.

आणि ही व्यवस्था पूर्वापार नाही. नागरी नोंदणी 1871 मध्ये सुरू झाल्यावर ती पक्की झाली. त्याआधी माणूस आजीचं, मामाचं, वारसाहक्क देणाऱ्या नातेवाइकाचं, कुठलंही आडनाव उचलू शकत असे. चित्रकार वेलास्केझ यांचे वडील रॉड्रिगेझ दे सिल्वा, वेलास्केझ आईचं. ‘डॉन किहोते’चे लेखक सर्व्हान्तेस ‘सावेद्रा’ लावत, पण त्यांची आई कोर्तिनास होती. म्हणून 1871 च्या मागे जाताना आडनाव धरून चढत जाल तर चुकीच्या घरात पोचाल.

एखाद्या आडनावाचा शोध घ्यायचा असेल तर आधी शेपटी काढून खाली माणसाचं नाव उरतं का ते पाहा. मग लेखनाचे पर्याय मांडा. हिमेनेझ हे जे, जी आणि एक्स या तिन्ही अक्षरांनी सुरू होताना सापडतं. फर्नांडेझ आणि हर्नांडेझ एकच. बी आणि व्ही यांची तर कायमची अदलाबदल. एनवरची नागमोडी रेघ सांभाळा: पेन्या म्हणजे खडक, रेघ गेली की पेना म्हणजे दुःख. उच्चारात झेडचा ‘झ’ कुठेच होत नाही, स्पेनच्या बहुतांश भागात ‘थ’सारखा आणि लॅटिन अमेरिकेत ‘स’. मी इथे मराठीत रुळलेलं रूप वापरलं आहे. त्यानंतर सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की कुठल्या प्रांतात ते किती जणांचं आहे ते दिसतं (देशभरात 20 पेक्षा कमी लोकांचं असेल तर दाखवत नाहीत). पेरेझसाठी याचा काही उपयोग नाही, ते सगळीकडे आहे. पण दुर्मीळ आडनाव एका कोपऱ्यात दाटलेलं दिसलं तर तो खरा धागा. पुढे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि त्या गावावार असतात. गाव माहीत नसेल तर नुसत्या आडनावावर काही हाती लागत नाही. ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. चिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याला मिळत असे, आडनावाला नाही.

आता लोपीस-फर्नांडिस. ही आडनावं स्पॅनिश नव्हेत, पोर्तुगीज. तीच शेपटी, फक्त शेवटी झेडऐवजी एस: रॉड्रिगेझचं रॉड्रिग्ज, गोन्झालेझचं गोन्साल्विस, नुन्येझचं नूनिस, डियाझचं डायस. स्पॅनिशमधल्या एर्रेराचा जोडीदार फरेरा (लोखंडाची जागा). परेरा म्हणजे पेअरचं झाड, सिल्वा म्हणजे रान, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. आल्मेडा मूळचं अरबी. पोर्तुगीज क्रमही उलटा: आईचं आधी, वडिलांचं शेवटी.

पण गोव्यात 1510 नंतर आणि वसईत 1739 मध्ये मराठ्यांनी ती घेईपर्यंत, बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळत असे. फर्नांडो नावाच्या कुणाशी त्या कुटुंबाचा संबंध नसे. स्पेनमध्ये 1492 च्या आसपास धर्म बदललेल्या यहुद्यांचंही असंच झालं, आणि म्हणून ‘ही आडनावं सेफार्दी (म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांची)’ अशा फिरणाऱ्या याद्या वंशाचा पुरावा ठरत नाहीत. फिलिपिन्समध्ये तर 1849 मध्ये गव्हर्नर क्लावेरियांनी आडनावांची छापील यादीच काढली आणि तिची पानं गावागावांत वाटली. त्यामुळे काही गावांत बहुतेकांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात.

तुमच्या ओळखीच्या लोपीस कुटुंबाला मूळ शोधायचं असेल तर लिस्बनकडे बघू नका. आपल्या चर्चच्या सर्वांत जुन्या बाप्तिस्मा-वहीत धर्मपित्याच्या रकान्यात कुणाचं आडनाव आहे ते पाहा. गोव्यातलं गावकारी, म्हणजे गावच्या मूळ हक्कदारांपैकी घराणं असेल, तर त्याच गावच्या कोमुनिदादमध्ये (गावच्या सामायिक जमिनीची संस्था) आपली वांगड, म्हणजे कूळशाखा, कुठली ते विचारा. वांगड आडनावापेक्षा जुनी असते.